'फॅमिली सेक्शन वर आहे मॅडम'

भांडुपची_भवानी

मंडळी, प्रश्न साधा आहे. घरापासून चपला अडकवून पाच मिनिटांत पोचता येईल असं तुमचं 'आपलं' हॉटेल कुठलं, म्हणजे परमिट रूमवालं, आणि तिथे तुमच्या घरातल्या बायका जातात का?

झालं असं की आमच्या गल्लीच्या तोंडावर एक बार अँड रेस्टॉरंट आहे, आम्ही भांडुपला यायच्या आधीपासूनचं. नवरा दर शुक्रवारी तिथे. काउंटरवरचे अण्णा त्याची शुगर विचारतात, वेटर न सांगता सोडा वेगळा आणतो, मुलीला बारावीला किती पडले तेही त्यांना पाठ. माझी ओळख म्हणजे रविवारचं पार्सल. अकरा वर्षं त्या काउंटरसमोर उभी राहून मी फक्त "दोन चिकन लॉलीपॉप, एक ट्रिपल शेजवान, कांदा-लिंबू जास्त" एवढंच बोललेय. आता नवरा सहा महिने नागपूरला, मुलगी हॉस्टेलला. परवा फोर्टहून निघाले तर पावसाने गाड्यांची बोंब, भांडुपला उतरेपर्यंत नऊ वाजून गेले, घरी जाऊन एकटीसाठी कुकर लावायचा नुसत्या विचाराने कंटाळा आला, म्हटलं बसू इथेच, एक बिअर आणि मांदेली फ्राय. छत्री मिटून आत पाय टाकते तोवर वेटर धावत आला, "फॅमिली सेक्शन वर आहे मॅडम."

गेले वर. एसी फुल, माणूस एक नाही, टीव्ही बंद, कोपऱ्यात बटाट्याची पोती, आणि मेनूकार्डात तीच मांदेली चाळीस रुपयांनी महाग. बिअर गार होती हे खरं. पण खालून हसण्याचे आवाज येतायत, मॅच चालू आहे, आणि मी वर बटाट्यांबरोबर. वीस मिनिटांत आटपून निघाले.

कुणी वाईट वागलं नाही हो, उलट फार आदराने वागले. तोच तर प्रॉब्लेम आहे.

अर्धा_चहा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सोडा_वेगळा

@अर्धा_चहा, पॉपकॉर्न कशाला, उकडलेले चणे आण. फुकट असतात.

गिरगावकर_कायमचा

जिव्हाळ्याचा विषय. पण भवानीताई, फॅमिली सेक्शनचं खापर परमिट रूमवर फोडू नका, ती भानगड त्याच्याही आधीची. जुन्या इराण्यांकडे पोटमाळ्यावर नाहीतर पडद्यामागे फॅमिली रूम असायची. आमची आई लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर चहा प्यायली ती इराण्याच्या अशाच केबिनमध्ये, आणि ती सांगायची की चहापेक्षा पडद्याला येणारा आमलेटचा वासच जास्त लक्षात राहिला.

आता इराणीच किती उरले. धोबीतलावला कयानी आहे, १९०४ चं. ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मेरवान १९१४ चं. ते २०१४ मध्ये बंद होणार अशी बातमी आली तेव्हा मी सकाळी मावा केकसाठी रांगेत उभा होतो, लोक डोळे पुसत होते, मीही थोडे पुसले, आणि नंतर कळलं की दुरुस्ती करून परत उघडलं. अश्रू परत मिळाले नाहीत. काळा घोड्याचं समोवार (इराणी नव्हे, जहांगीर आर्ट गॅलरीतलं कॅफे) मात्र २०१५ ला गेलं ते गेलंच.

खोताच्या वाडीतली खानावळ, अनंताश्रम, तीही गेली. तिथे बिअर नव्हती, गप्पा नव्हत्या, जेवा आणि उठा. पण तिथल्या तिसऱ्या (शिंपल्या)... जाऊ दे, आज चतुर्थी आहे.

नको_ती_चर्चा

मला हा धागाच कळला नाही. बारमध्ये बसायचं स्वातंत्र्य म्हणजे काय मोठं? ऑनलाइन ऑर्डर करा, घरी फ्रीजमध्ये बिअर ठेवा, पाय वर करून प्या. वेटरने सोय म्हणून वर पाठवलं त्यातही अन्याय.

मिनी_मुलुंड

@नको_ती_चर्चा, तुम्ही घरी बसून पिता का? नाही ना? मग झालं.

भवानी, सेम हिअर. मी पस्तिशीची, एकटी राहते. ऑफिसच्या गँगबरोबर लोअर परळच्या मिल कंपाउंडांमध्ये पुष्कळ बसलेय, तिथे कोण तुमच्याकडे बघत नाही आणि बिल बघवत नाही. शिवाय गाणी एवढ्या मोठ्याने की शेजारच्याशी व्हॉट्सॅपवर बोलावं लागतं. कुलाब्यात सोपं पडतं. मोंडेगरमध्ये भिंतीवरची मारिओ मिरांडाची चित्रं बघत एकटी तासभर काढलाय, लिओपोल्डला निम्मे टुरिस्टच, गोकुळला कॉलेजच्या पोरी निवांत बसलेल्या असतात. पण मुलुंडहून कुलाब्याला बिअर प्यायला जायचं म्हणजे येतानाच्या लोकलमध्ये ती उतरते.

मला हवं ते घराखाली हवंय. घरच्या टीशर्टात, केस न विंचरता.

चाकरमानी_देवगड

"घरच्या टीशर्टात, केस न विंचरता" ही परमिट रूमची सर्वात चांगली व्याख्या आहे. आम्ही तर लुंगीवर जातो.

सोडा_वेगळा

थोडा इतिहास, कारण 'परमिट रूम' हा शब्द कुठून आला हे नवीन पोरांना माहीत नसतं. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. तेव्हा मुंबई राज्य होतं, मोरारजीभाई गृहमंत्री, आणि दारू प्यायची तर तब्येतीच्या कारणाने परमिट काढायचं. सगळे सभ्य लोक एकदम आजारी पडले. बाकीच्यांसाठी गल्लोगल्ली आंटीचे चोरट्या दारूचे अड्डे. साठच्या दशकात कायदा सैल झाला पण परमिट काही गेलं नाही, आजही कायद्याने तुमच्याकडे प्यायचा परवाना लागतो, विदेशीला एक दिवसाचा पाच रुपये, देशीला दोन, आजन्म हवा तर हजार. माझ्याकडे आजन्म आहे. लॅमिनेट करून पाकिटात ठेवलाय. वीस वर्षांत एकाही वेटरने मागितला नाही, मीच काढून दाखवतो.

आणि वय. बिअरला २१, व्हिस्की-रमला २५. म्हणजे नवरदेव २१ व्या वर्षी बोहल्यावर चढू शकतो पण स्वतःच्या लग्नातली व्हिस्की प्यायला त्याने चार वर्षं थांबायचं.

अर्धा_चहा

चार वर्षांनी गरजच जास्त असते.

सोडा_वेगळा

बसलाय कोण तिकडे, वहिनी आहेत का शेजारी?

लालबाग_परळ_हद्द

मूळ मुद्द्यावर येतो. आमची आजी लालबागला खानावळ चालवायची, म्हणजे पाटी वगैरे नाही, दहा बाय बाराच्या खोलीत सोळा गिरणी कामगार पाळीप्रमाणे जेवून जायचे. महिन्याचा हिशेब भिंतीवर खडूने. आधी पोळीभाजी पहिल्या पाळीवाल्यांना, मग दुपारची, मग रात्रपाळीचे डबे. बुधवार-रविवार बांगडा नाहीतर सुकट. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या, प्रेमाताई पुरवांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराकडून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. १९८२ च्या संपाने जेवणारेच गावी गेले, आजीची भिंत पुसली गेली ती बाकी सगळी बुडीत धरून.

सांगायचा मुद्दा, हजारो पुरुषांना जेवू घातलेल्या या बाईने उभ्या आयुष्यात हॉटेलात बसून जेवण केलं ते एकदा. दादरच्या प्रकाशमध्ये, मी पहिल्या पगारात नेलं होतं. साबुदाणा वडा मागवला. तिने आधी वडा फोडून आत बघितलं, मग म्हणाली दाण्याचं कूट कमी आहे. मग पीयूष प्यायली आणि ग्लास तळाशी बोट फिरवून चाटला. शेजारच्या टेबलावरची माणसं बघत होती. मला तेव्हा लाज वाटली, आता त्या लाजेची लाज वाटते.

मिनी_मुलुंड

काय लिहिलंयत. पीयूष प्यायला जाणार या शनिवारी.

कोळीण_वरळीची

सगळे दारूवर घसरलेत, मला मांदेलीवर बोलायचंय. भवानीताई, जुलैत मांदेली? एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक बोटी बंद असतात ना. ती तुम्ही खाल्लीत ती बर्फातली, एप्रिल-मेपासून झोपलेली.

चाकरमानी_देवगड

पण बाजारात पावसात ताजी मासळी दिसते की.

कोळीण_वरळीची

दिसते, कारण बंदी बिगरयांत्रिक होड्यांना नाही. किनाऱ्याजवळ जाळं टाकून जे मिळेल ते. पण ती घरात आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला जाते, बारच्या किचनला रोज लागतो तेवढा माल त्यातून निघत नाही. आता एक टीप, मासा ताजा की बर्फातला हे हॉटेलात ओळखायचं तर बोंबील मागवायचा. बोंबलात पाणीच पाणी. नीट करणारा तो मधून चिरून उघडतो, काटा काढतो, फडक्यात घालून वर पाटा ठेवतो, पाणी निघालं की मग मसाला आणि रवा. असा बोंबील तव्यावरून उचलला की सरळ राहतो आणि आत लोण्यासारखा. मधेच वाकला, ताटात पाणी सुटलं, तर एकतर बर्फातला आहे नाहीतर कुकने पाट्याचा आळस केलाय. आणि रव्याऐवजी जाड बेसनाचं कव्हर दिसलं तर सरळ चिकन लॉलीपॉपकडे वळायचं.

गिरगावकर_कायमचा

हा प्रतिसाद प्रिंट काढून पाकिटात ठेवतो. लॅमिनेट करून.

सोडा_वेगळा

माझ्या परवान्याची टिंगल करायची नाही.

नको_ती_चर्चा

मासे झाले, इतिहास झाला. माझा मुद्दा तसाच आहे. भांडणं होतात, लोक पिऊन बरळतात, म्हणून बायकांना वर बसवतात. सुरक्षितता नको का?

शेट्टींचा_मुलगा

बरेच दिवस नुसता वाचतोय, यावर लिहितो. (आडनाव शेट्टी, शाळा मराठी माध्यम, म्हणून इथे.) वडिलांचं पूर्व उपनगरात हॉटेल होतं. आधी नुसतं उडुपी, इडली, डोसा, राइस प्लेट. नव्वदच्या दशकात परमिट रूमचं लायसन घेतलं कारण जागेचं भाडं इडलीच्या वाफेवर निघेना. आमच्या नात्यात निम्म्या लोकांची हीच गोष्ट आहे.

आमच्याकडेही वर फॅमिली सेक्शन. (बटाट्याची पोती आमचीही वरच असायची, सॉरी.) नको_ती म्हणतात तसं भांडणं हे कारण होतं, पण अर्धंच. त्या काळात 'लेडीज बार' आणि डान्स बारची एवढी चर्चा होती की बाई बारमध्ये दिसली म्हणजे ती तिथे कामाला आहे असंच गिऱ्हाईक धरून चालायचं. मग वडिलांनी बाहेर मोठी पाटी लावली, 'फॅमिलीसाठी वेगळी सोय'. ती पाटी खरं सांगायचं तर फॅमिलीसाठी नव्हतीच, हे सभ्य हॉटेल आहे हे सोसायटीवाल्यांना आणि पोलिसांना कळावं म्हणून होती. २००५ ला डान्स बार बंद झाले, पुढे कोर्टात काय काय झालं, पण वेटरच्या डोक्यातली ती पाटी उतरली नाही. नवीन पोरगा गावाहून आला की पहिल्या दिवशी शिकवायचे, लेडीज आली की वर. का ते कुणी सांगत नाही.

वेटर घाबरतो हेही खरं. खाली कुणी काही बोललं तर शिव्या त्याला, पगार कापला तर त्याचा. वर पाठवलं की त्याची जबाबदारी संपली.

भवानीताई, आतल्या गोटातून सांगतो. संध्याकाळी सहाच्या सुमाराला जा, तेव्हा ऑफिसवाले आलेले नसतात. काउंटरच्या समोरचं टेबल घ्या, मालकाच्या नजरेत असतं, तिथे कुणी आगाऊपणा करत नाही. "वर नको, खाली बसते" एवढंच म्हणा, कारण देऊ नका. आणि वेटरचं नाव विचारा. दुसऱ्या वेळेला नावाने हाक मारली की तुमचं काम झालं.

मिनी_मुलुंड

"कारण देऊ नका" हे सोन्यासारखं.

सीए_पण_खवय्या

एसीमुळे मांदेली महाग यावर कुणी बोललंच नाही. जीएसटी आला तेव्हा नॉन-एसीला १२ टक्के आणि एसीला १८ असा फरक होता, पण नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटला दोन्हीकडे ५ टक्के. म्हणजे वरचे चाळीस रुपये सरकारचे नाहीत, मालकाचे. लावायचा त्याला हक्क आहे, मेनूकार्डात छापलं असलं की झालं. दारूवर जीएसटी नाहीच, तिथे व्हॅट, नोव्हेंबर २०२३ ला पाचाचा दहा टक्के झाला, म्हणून बिलात बिअर आणि मांदेलीची बेरीज वेगवेगळी दिसते. आणि सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, तो काढा म्हटलं तर काढावा लागतो. गल्लीतल्या बारमध्ये तो सहसा नसतोच, पबमध्ये असतो. मी काढायला लावतो आणि तेवढेच पैसे वेटरच्या हातात देतो. बायको म्हणते मग फरक काय पडला. फरक पडतो.

अर्धा_चहा

हा माणूस जेवताना कॅल्क्युलेटर घेऊन बसत असणार.

सीए_पण_खवय्या

मोबाइलमध्येच असतो आता.

चाकरमानी_देवगड

आमच्या बारमध्ये गेल्या जुलैपासून चण्यांची वाटी लहान झालीय. २०२५ च्या १४ जुलैला सगळ्या बारवाल्यांनी कर वाढले म्हणून बंद पाळला होता आठवतंय का, त्यानंतर. कर सरकारने वाढवला आणि चणे आमचे गेले. आधी चणे, काकडी-गाजर, पापड असं यायचं. आता पापड मेनूकार्डात गेलाय. मसाला पापड नाही हो, साधा!

गिरगावकर_कायमचा

साध्या पापडाचे पैसे घेणाऱ्याला कुंभीपाक.

भांडुपची_भवानी

मंडळी, हजर आहे. रिपोर्ट देते.

काल शनिवारी सव्वासहाला गेले. एकटीने जायचा धीर नाही झाला हे कबूल, शेजारच्या कुलकर्णी वहिनींना घेतलं. वय एकसष्ट, शुद्ध शाकाहारी, आयुष्यात बारची पायरी चढलेल्या नाहीत. त्यांना म्हटलं फ्रेश लाइम सोडा प्यायला चला. त्यांनी पैठणीची पर्स घेतली. आत शिरलो, तोच वेटर, "फॅमिली सेक्शन..." मी म्हटलं वर नको, खाली बसतो. कारण दिलं नाही. तो दोन सेकंद अण्णांकडे बघत राहिला, अण्णांनी मान हलवली, काउंटरसमोरचं टेबल फडक्याने पुसून दिलं. फडकं फार स्वच्छ होतं असं नाही.

नाव विचारलं. सुरेश. अकरा वर्षं हाच माणूस मला पार्सल बांधून देतोय, आणि मी आज विचारतेय. तो म्हणाला, "मॅडम तुमचं माहितीय, लॉलीपॉप, कांदा-लिंबू जास्त." मी काय बोलणार.

@कोळीण_वरळीची, बोंबील विचारला. सुरेश हळूच म्हणाला, "एक तारखेनंतर या मॅडम." प्रामाणिक निघाला. मग लॉलीपॉपच. वहिनींनी व्हेज क्रिस्पी मागवलं आणि तेल वेगळं आहे का विचारलं, सुरेश म्हणाला कढई वेगळी आहे, वहिनी म्हणाल्या खोटं बोलतोयस पण दे. चणे आले. वहिनींनी दुसरी वाटी मागितली. तिसरीही. शेजारच्या टेबलावर चार रिक्षावाले होते, सुरुवातीला आवाज एकदम खाली गेला त्यांचा, आणि मला ते जरा वाईट वाटलं, म्हणजे त्यांची बैठक आम्ही मोडली की काय. मग मॅचमध्ये विकेट पडली, वहिनी ओरडल्या, "अरे हा काय फटका आहे!" आणि त्यातला एक वळून म्हणाला, "बघा ना मावशी." त्यानंतर सगळं नॉर्मल.

मिनी_मुलुंड

कुलकर्णी वहिनींचा फॅन क्लब काढा.

लालबाग_परळ_हद्द

+१. तिसरी वाटी मागणारी बाई.

शेट्टींचा_मुलगा

अण्णांनी मान हलवली ना, झालं. आता कायमचं.

नको_ती_चर्चा

बरं. मान्य करतो की हे वाचायला मजा आली. आमच्या हिला वाचून दाखवलं तर ती म्हणाली कधी जायचं. आता काय करू?

सोडा_वेगळा

सव्वासहाला जा.

अर्धा_चहा

भवानीताई, नागपूरला कळवलं का पण?

भांडुपची_भवानी

मी कळवायच्या आधीच कळलं. मी जिना चढेपर्यंत नवऱ्याचा फोन, "काय, मजा केलीत म्हणे." अण्णांनी फोन केला होता. वर आणि निघताना मला हळूच म्हणाले होते, साहेबांचं मागचं आठशे चाळीस राहिलंय. तेही मीच भरून आले.